फळीवरचं पडकं गाव

पडकं घर बांधणं हे चांगलं घर बांधण्याहून अवघड काम आहे, हे मी चौदाव्या-पंधराव्या वर्षी शिकले आणि शिकवणारा माझा थोरला भाऊ होता. माहेराविषयी कोणी विचारलं की मी आमचं सपाट मातीच्या छताचं, धाब्याचं घर सांगते, ओसरीवर आढ्याला भिडलेला कापसाचा ढीग सांगते, मायच्या हातची अंबाडीची भाजी सांगते. ऐकणारा खूश होतो, मीही होते. हे मात्र आजवर कोणाला सांगितलं नाही. ज्यांना वाईट वाटलं असतं त्यांच्यापैकी आता कोणी उरलं नाही आणि मी स्वतः पिकलं पान, म्हणून सांगून टाकते.

आमचं गाव वाशीम आणि रिसोडच्या मधे, सडकेपासून बरंच आत. घरात आम्ही चौघं: बा, माय, गणपतदादा आणि मी शेवंता. दादाच्या आणि माझ्या मधली दोन भावंडं लहानपणीच गेली होती, त्यामुळे तो मला भावापेक्षा धाकट्या काकासारखाच वाटायचा. बा बोलायला फार कमी. वावरातून आला की हातपाय धुऊन ओसरीवर टेकायचा आणि त्याच्या वाटचंही माय बोलून घ्यायची. जात्यावर बसलेल्या बाया गोड गळ्यानं ओव्या म्हणतात असं मी पुस्तकांत वाचते तेव्हा मला हसू येतं. आमची माय जात्याशी भांडायची. “फिर ना मेल्या, तुले काय धाड भरली?” हे ऐकत मी रोज जागी व्हायची. मग ज्वारीच्या पिठाचा वास, चुलीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या वाळल्या काड्या पेटल्याचा तडतड आवाज, आणि तव्यावरून थेट निखाऱ्यात उतरणारी भाकर. त्या भाकरीवर कच्चं तेल आणि जवसाची चटणी. पुढे सासरी मी पुष्कळ बरं खाल्लं, पण भूक मला अजूनही त्याच भाकरीची लागते.

दादा लढाईवर गेला तो देशासाठी गेला नाही, की राजासाठी गेला नाही. कापसाच्या बैलबंड्या घेऊन कारंज्याच्या बाजाराला गेला होता. बंड्या परत आल्या, दादा आला नाही. सोबतच्या गड्यानं बैल सोडता सोडता सांगितलं, “गनपत भरतीत गेला, माय. बूट देऊन राह्यले म्हने तिथं.” मायनं पुढची सगळी वर्षं सरकारला कधी बोल लावला नाही. तिनं शिव्या दिल्या त्या बुटांना. दादाची खुशाली मधूनमधून यायची, तीही इतकी त्रोटक की तो इटली नावाच्या मुलखात आहे एवढंच आम्हाला कळलं. बा म्हणाला, लांब आहे. मायनं विचारलं, तिथं भाकर मिळते का.

लढाई संपल्यावर तो आला. बा बंडी जुंपून वाशीमच्या टेसनावर गेला आणि संध्याकाळी घेऊन आला. उजवा पाय ताठ झालेला, उजव्या कानानं ऐकू येईना, आणि चेहरा परक्याच्या घरी उतरल्यासारखा. मायनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला पोटाशी धरलं, आणि नंतर चुलीपाशी येऊन मला हळूच म्हणाली, “आला व पोरगा. पन पुरा नाई आला.” तेव्हा तिला वाटत होतं, मलाही वाटत होतं, की उरलेला मागून येईल. चार महिने भाकर पोटात गेली, वावराचं वारं लागलं, एखादी चांगली सून आणली, की येईल. आमच्या घराची त्या वर्षाची सगळी आशा एवढ्यावर उभी होती.

तो वावरात गेला नाही. चार दिवस नीट झोपला, पाचव्या दिवशी उठून गोठ्यामागे पडलेलं आमचं जुनं दार शोधून काढलं. त्याची एक फळी निंबाखाली चार दगडांवर आडवी ठेवली. गावाच्या गढीवर जाऊन टोपलंभर पांढरी माती आणली. ती माती आमच्याकडे धाब्यावर टाकतात, भिंती पोतारायला वापरतात. मायला वाटलं पोरगा घर शाकारायच्या विचारात आहे, आणि तिनं त्याला हौसेनं कुटार, म्हणजे कडब्याचा बारीक भुसा, भिजवून दिलं. दादानं त्या मातीत कुटार मळलं आणि दाराच्या फळीवर वीतभर उंचीची घरं बांधायला लागला. सुरेख घरं. भिंती, खिडक्या, काटक्यांची आढी, वर माती. गावातल्या बाया मुद्दाम येऊन पाहून गेल्या. घरं चांगली वाळल्यावर दादानं खाली बसून एकेक घर पाडायला सुरुवात केली.

पाडायची म्हणजे मोडायची नाहीत. कोणत्या घरावर वरून दगड सोडायचा, किती उंचीवरून सोडायचा, कोणत्या घराची भिंत फक्त नखानं उकरायची, हे सगळं ठरलेलं होतं. “मोडकंच घर बांधाले जाशीन तर ते खोटं दिसते,” तो मला म्हणाला. “आधी नीट बांधाव लागते. त्यात कोनी राह्यत होतं असं दिसलं पायजे. मंग पाडाव.” पडलेली माती तो झाडून काढत नसे. छताची माती आत पडते आणि भिंतीची बाहेर, हे मी त्याच्याकडून शिकले. खिडकीच्या वर काजळी लागते, खाली लागत नाही, हेही. माझी पुण्याची नात असलाच खेळ खेळते. टेबलावर लहानलहान शिपाई, फासे, आणि पुठ्ठ्याची पडकी घरं, ती घरं ती रात्रंदिवस रंगवत बसते. परवा मी सहज म्हटलं, अगं, काजळी खिडकीच्या वर दे. ती माझ्याकडे बघतच राहिली. आजीला हे कसं ठाऊक, असं तिनं विचारलं आणि मी चहा टाकायला उठले.

दादा हे कुठून शिकला ते त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्याचा पाय बरा होत होता त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात दोन गोरे साहेब असाच खेळ मांडत. एकाचा पाय गेलेला, दुसऱ्याचा हात गळ्यात बांधलेला. शिशाचे बोटाएवढे शिपाई, पुठ्ठ्याची घरं, फासे टाकायचे आणि फूटपट्टीनं चाल मोजायची. दादा कुबडीवर उभा राहून पाहायचा. एकदा त्यानं बागेतल्या मातीचं एक पडकं घर करून त्यांच्या टेबलावर ठेवलं, ते साहेबांना एवढं आवडलं की पुढे सगळं गावच त्याच्याकडून करून घेतलं. “ज्याईच्या तोफाईनं गावं पाडली,” दादा म्हणाला, “तेच मले म्हनत, गनपत, आनखी एक पडकं घर कर.” हे सांगताना तो हसला होता. परत आल्यावर मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

आमच्याकडे शिशाचे शिपाई कुठून यायचे? दादाचे शिपाई म्हणजे चिंचोके आणि दुश्मन म्हणजे गुंजा. फाशांऐवजी मायच्या सहा कवड्या. फूटपट्टीच्या जागी ज्वारीचा धांडा, आणि चाल त्याच्या पेरांनी मोजायची. जितक्या कवड्या उताण्या तितकी पेरं चाल, आणि ढिगाऱ्यावरून जायचं असेल तर त्याच्या निम्मी. उघड्यावरचा माणूस निम्म्या कवड्यांनी मरायचा, भिंतीआडच्या माणसाला मारायला सगळ्या उताण्या पडाव्या लागायच्या. आणि दुश्मनाच्या सगळ्याच्या सगळ्या पालथ्या पडल्या तर तोफ. तोफ आली की गल्लीच्या टोकाचं जाड भिंतींचं घर पडलं असं धरायचं आणि त्यात असतील ते सगळे जायचे. त्या घराला एकच दार होतं आणि ते गल्लीत उघडायचं. दुश्मन मी. दुसरं होतं कोण? दुपारची भांडी झाली की तो हाक मारायचा, “शेवंता, चाल गुंजा घेऊन.” मी त्याच्या डाव्या बाजूला बसायची, कारण उजवीकडून त्याला ऐकू येत नसे. सुरुवातीला मला फार मजा वाटली. गावातल्या कोणत्या पोरीला भावासोबत लढाई खेळायला मिळत होती?

मजा लवकरच संपली. खेळ दर वेळी एकाच जागेवरून सुरू व्हायचा. तीन चिंचोके त्या जाड भिंतींच्या घरात, आणि त्यांना तिथून काढून गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीपाशी न्यायचं. कधी ते निघायचे, कधी माझ्या गुंजांनी गल्लीत मरायचे, कधी तोफ यायची. ते निघाले की मी टाळ्या पिटायची. दादा मात्र तिघांना उचलून परत घरात ठेवायचा आणि म्हणायचा, “पुन्हा.” एकदा मी मुद्दाम गुंजा मागे मागे नेल्या, त्यानं जिंकावं म्हणून. त्यानं कवड्या खाली ठेवल्या. “दुश्मन असा नाई खेळत, शेवंता. तो तुहा भाऊ नाई हाये. नीट खेळ.”

त्याच दिवशी मी चिडून विचारलं, “तू जिंकला तरी पुन्हा काहून मांडतो? काय पायजे तुले?” तेव्हा त्यानं ते तीन चिंचोके हातात घेतले आणि मला दाखवले. एकाचा टवका उडालेला, एक जरा लांबट, एक अगदी लहान. “हा महादा. हा राणू. हा किसन, लय लहान होता, मिसरूड नवती फुटली.” दादा त्यांचा नाईक होता. नदीकाठच्या त्या पडक्या गावात शिरल्यावर त्यानं तिघांना त्या घरात बसवलं, कारण तिथं भिंत जाड होती. इथून हलू नका म्हणाला आणि स्वतः गल्ली पाहायला पुढे गेला. मागे तोफेचा गोळा आला. दादाच्या पायात लागलं, तो रांगत परत आला तेव्हा घराच्या जागी मातीचा ढीग होता. आतून आवाज येत होता का, हे त्याला सांगता आलं नाही, कारण कान गेले होते. हे सगळं त्यानं ज्वारीच्या भावाबद्दल सांगावं तशा आवाजात सांगितलं. निंबावर कावळे ओरडत होते, मायच्या उखळाचा ठोका चालू होता.

“मी कोनता हुकूम द्याले पायजे होता, ते पाहून राह्यलो,” तो म्हणाला. “कवड्या कशाबी पडो, ते तिघं निघाले पायजेत. असा एक डाव असनच.”

“अन् तो सापडला म्हंजे मंग?”

“मंग तसा हुकूम देईन.”

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. ते तिघं अजून त्या घरात बसलेले आहेत आणि हुकमाची वाट पाहत आहेत, असंच त्याच्या मनात होतं. मला भीती वाटली, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला असं वाटलं की आपण हा डाव शोधून काढू. मीसुद्धा त्या आशेला लागले. भाकरी थापताना, पाणी भरताना माझ्या डोक्यात तीच गल्ली. किसनला आधी काढलं तर? दोघांनी गोळ्या झाडाव्या आणि तिसऱ्यानं पळावं? आम्ही सगळं करून पाहिलं. कवड्या ऐकत नव्हत्या.

घरात कोणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दादानं मला सांगू नको म्हटलं नव्हतं, पण मायपाशी जाऊन हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला दिसायचं ते एवढंच की धडधाकट होत आलेला तिचा तरणा पोरगा दिवसभर चिंचोके खेळतो. रिसोडकडचे एक पाव्हणे मुलगी सांगून आले. त्यांनी ओसरीवर बसून वरण-भाकर खाल्ली, मग मागं जाऊन निंबाखाली बसलेला नवरदेव पाहिला, आणि परत येऊन बाला म्हणाले, “पोराले मातीकामाचा लय शौक दिसते.” पुन्हा ते काही आले नाहीत. शेजारच्या रुखमाकाकूला तर पडक्या गावाचं भारीच वावडं. ती ताक न्यायला आली की कुंपणापाशीच थबकायची. “गनपतची माय, दारात पडकं गाव बरं नसते व. बिन धाब्याच्या घरात काय शिरते ते मालूम हाये ना? काढून टाक ते.” माय तिला म्हणायची, तुझं ताक घे अन् जाय. पण ती गेल्यावर निंबाखाली जाऊन उभी राहायची आणि त्या घरांकडे बराच वेळ पाहायची.

दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीत शेणाच्या गवळणी मांडतात, ते हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. पाडव्याच्या सकाळी अंगणात सडा घालून शेणाचं गोकूळ करायचं. बोटाएवढ्या गवळणी, त्यांच्या डोक्यावर शेणाचीच घागर, कोणी दळते आहे, कोणी ताक घुसळते आहे, गाई, वासरं, पाणवठा. प्रत्येकीच्या डोक्यात एकेक फूल खोचायचं. मायच्या गवळणी गावात नावाजलेल्या होत्या. तिच्या गवळणीसुद्धा भांडकुदळ दिसायच्या, कमरेवर हात ठेवलेल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दादाला डाव सापडला. त्या जाड भिंतींच्या घराची मागची भिंत तोवर सबंध होती. त्यानं अचानक कवड्या टाकायच्या थांबवल्या आणि डोळे मिटून बसला. मग म्हणाला, “मागच्या भिंतीले भगदाड होतं. होतं ना, शेवंता? नदीच्या अंगानं. आता आठवलं मले.” जसं काही मीही तिथं होते. त्यानं नखानं उकरून मागच्या भिंतीला एक भोक पाडलं, चिंचोका जाईल एवढं. तिथून बाहेर पडलं की गल्ली लागतच नव्हती, गुंजा दिसतच नव्हत्या. पहिल्याच चालीत, तोफेच्या आधी बाहेर, आणि घरांच्या आडोशानं थेट विहिरीपर्यंत. कवड्या कशाही पडोत. तिघांना त्यानं आत भगदाडापाशी एकामागे एक लावून ठेवलं. लगेच खेळू म्हटलं तर नको म्हणाला. “उद्या सकाळी. सन हाये उद्या. उद्या काढू त्याईले.” संध्याकाळी तो चुलीपाशी येऊन बसला, मायनं तळलेल्या करंज्यांतली एक उचलून खाल्ली, आणि विचारलं, तूर कशी आहे यंदा. बानं मान वर करून पाहिलं. मायनं पदर डोळ्यांना लावला. बुटांना शिव्या द्यायला लागल्यापासून तिला एवढं सुख झालं नसेल.

त्या सुखाच्या भरात तिनं ते केलं. सकाळी मला तिनं बांधावरून झेंडू आणि तरवडाची फुलं आणायला पाठवलं. मी ओटीभर फुलं घेऊन आले तर माय निंबाखाली. हात कोपरापर्यंत मातीत. दादाच्या पडक्या गावाला तिनं रात्रीच भिजवून ठेवलेल्या पांढऱ्या मातीनं लिंपून काढलं होतं. सगळ्या भिंती उभ्या केलेल्या, सगळी भगदाडं बुजवलेली, काटक्या टाकून प्रत्येक घरावर नवं धाबं घातलेलं. गल्लीतला ढिगारा झाडून टाकून तिथं सडा आणि रांगोळीची ठिपकी. आणि त्या गल्लीत, विहिरीवर, दारांमधे मायच्या गवळणी उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. “पाह्य व शेवंता,” ती म्हणाली. “एवढं मेहनतीचं गाव पोराचं. धाब्यावाचून काहून ठेवाव? यंदा आपलं गोकूळ इथंच.” मला ते इतकं सुंदर वाटलं की क्षणभर मी बाकी सगळं विसरले. आणि मग आठवलं.

दादा गोठ्याकडून लंगडत आला. अंगावर दिवाळीचं नवं बंडीकुडतं होतं, उटणं लावून आंघोळ झाली होती. फळीपाशी आला आणि थांबला. माय त्याच्या तोंडाकडे पाहत होती, लहान मुलीनं शाबासकीसाठी पाहावं तशी.

“माय,” तो अगदी हळू म्हणाला, “आत मानसं होती.”

“कोन मानसं?”

“त्या घरात. तिघं होते. मागून निंघून राह्यले होते ते.”

मायला उमगेना. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हसण्यावारी नेलं. “चिंचोके ना रे? मले नाई दिसले बाप्पा. डबाभर हायेत घरात, दुसरे देतो तुले.”

“दुसरे कुठचे, माय?”

आता तिचा चेहरा उतरला. आपल्या हातून काहीतरी गेलं एवढं तिला कळलं, काय ते कळलं नाही. ती घाईघाईनं म्हणाली, “माती वली हाये अजून, बापू. उकर ना. काढ त्याईले. मी पुन्हा नाई लिंपत.” आणि तिनं स्वतःच हात पुढे केला. दादानं तिचा हात धरला, अगदी हलकेच, आणि बाजूला ठेवला. मग ताठ पाय लांब करून तो फळीच्या मागच्या बाजूला खाली बसला आणि त्या घराच्या मागच्या भिंतीवरून हात फिरवू लागला. सबंध भिंत. तिच्यावर मायच्या बोटांचे ओले वळ होते. तो किती वेळ हात फिरवत होता कोण जाणे. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

“अशीच होती,” तो म्हणाला.

“काय, दादा?”

“मागची भिंत. अशीच होती, शेवंता. भगदाड नवतं. ते मीच पाडलं इथं, काल.”

मी म्हटलं, “असन दादा. तुले आठवलं होतं ना? असन.” मी पुष्कळ बोलले. उकरू म्हटलं, आपण दोघं उकरू, मायला राग येणार नाही. तो मान हलवत राहिला. ऊन वर आलं, निंबाच्या सावलीतून फळी बाहेर आली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती माती कडेकडेनं पांढरी पडत वाळली. माय आतबाहेर करत होती. शेवटी दादा फळीला धरून उठला आणि मायला म्हणाला, “चांगलं केलं माय गोकूळ. लय चांगलं केलं.” त्यानं जेवून घेतलं. पुरणाची पोळी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बासोबत तो वावरात गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. कापूस वेचायला बाया लावल्या त्यांच्यावर देखरेख करू लागला, बाजाराला जाऊ लागला, लोकांशी चार शब्द बोलू लागला. गावात झालं, गणपत सुधारला. रुखमाकाकूनं पहिला मान स्वतःकडे घेतला, मी सांगतच होते म्हणून. माय तर मरेपर्यंत ज्याला त्याला सांगायची की माझ्या गवळणींनी माझा पोरगा परत आणला. मी तिला कधी खोटं पाडलं नाही. लग्न त्यानं केलं नाही, पण घर नीट सांभाळलं, मला चांगल्या घरी दिलं, बा-मायला शेवटपर्यंत पाहिलं. चांगला माणूस, असं सगळे म्हणत. खरंच होता. फक्त त्याच्याशी बोलताना मला दर वेळी असं वाटायचं की मी कोणा परक्याकडे निरोप ठेवून चालले आहे.

लोकांना तो वेडा वाटत होता तेव्हा त्याच्या मनात आशा होती. ते तिघं जिवंत होते, काढायचे राहिले होते, एवढंच. ज्या दिवशी तो शहाणा झाला त्या दिवशी ते मेले. माझ्याजवळ याच्यावर आजही इलाज नाही आणि हे असं लिहून मला बरंही वाटत नाही.

त्या दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. दादा वावरातून पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा घेऊन आला होता, तो अंगणात टाकून पाणी प्यायला. मी दिवसभर त्याची वाट पाहिली होती. सहाही कवड्या ओंजळीत घेऊन मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

“दादा, नवं गाव बांधू. मी माती आनतो. पुन्हा पयल्यापासून खेळू.”

त्यानं माझ्या ओंजळीत पाहिलं. रागावला नाही, दुखावला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“कोनासाठी, बाई?” तो म्हणाला, आणि काड्यांचा भारा उचलून चुलीकडे घेऊन गेला.